पहिल्या बळींचा बोळ

प्रत्येक राष्ट्राला इतिहासात काही ना काही भूमिका नेमून दिलेली असते. इंग्रजांच्या वाट्याला समुद्र आला, फ्रेंचांच्या वाट्याला क्रांती आली, जर्मनांच्या वाट्याला दोष आला. आम्हा ऑस्ट्रियन लोकांच्या वाट्याला हजेरी आली. गेल्या पाच-सहाशे वर्षांत युरोपात जे काही घडलं, तिथे आम्ही हजर होतो. मात्र हे केलं कुणी, असा प्रश्न निघाला की आम्ही नेमके हात धुवायला गेलेले असतो. लोकांना वाटतं हे सोपं आहे. सोपं नाही. त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची संस्कृती लागते.

आमच्या राजघराण्याने अर्धा युरोप लढून नव्हे, लग्नं लावून मिळवला. (त्यामुळे दहा-बारा भाषांत सासरच्यांच्या शिव्या खाव्या लागल्या, पण आम्ही त्यांतली एकही भाषा शिकलो नाही, त्यामुळे मनाला लागलं नाही.) नेपोलियनचा निकाल लागल्यावर युरोपचा नकाशा नव्याने आखायला सगळे राजे व्हिएन्नात जमले, तेव्हा आम्ही त्यांना महिनोन्‌महिने नाचवलं, आणि पोलंडचं काय झालं हे सकाळी उठल्यावर विचारलं. १९१४ सालचं महायुद्ध आमच्या एका खलित्यावरून सुरू झालं असं म्हणतात. असेल. पण त्या खलित्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

आणि १९३८. त्या साली हिटलरने आमचा देश गिळला आणि आम्ही त्याचे पहिले बळी ठरलो. हे आम्ही आमच्या तोंडाने म्हणत नाही. दोस्त राष्ट्रांनी १९४३ साली मॉस्कोत तसं लिहून दिलेलं आहे. (त्याच कागदात खाली आमच्या जबाबदारीबद्दलही एक वाक्य आहे. कागद नेमका तिथे दुमडलेला असल्याने ते वाचता येत नाही.)

हे सगळं सांगायचं कारण असं, की १९९५ साली आमचा देश युरोपीय संघात दाखल झाला आणि त्या आनंदात आमच्या सांक्ट उल्फ्रीड गावाने एक कायमचं प्रदर्शन उभारायचं ठरवलं. विषय: 'युरोपच्या इतिहासात आपली भूमिका'. समितीचा चिटणीस मी होतो. मी सरकारी नोकरीतून 'सल्लागार' या पदवीसह निवृत्त झालो आहे. आमच्याकडे पदवी माणसाबरोबर थडग्यापर्यंत जाते आणि तिथे दगडावर कोरली जाते. माझ्या बायकोलाही गाव 'सल्लागारीणबाई' म्हणतं, आणि तिने ती पदवी माझ्यावर रोज सार्थ केली आहे.

प्रदर्शनासाठी नदीकाठचं जुनं धान्याचं कोठार मिळालं. त्यात चार दालनं केली. पहिलं राजघराणं आणि लग्नकार्यं. दुसरं संगीत. तिसरं केक, कॉफी आणि डोंगर. चौथं १९४५ नंतरची तटस्थता. हे दालन रिकामं ठेवलं होतं, कारण तटस्थतेत ठेवण्यासारखं काही सापडलं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या दालनाच्या मध्ये एक बोळ होता. एका बाजूला कोरी भिंत, दुसऱ्या बाजूला कोट टांगायच्या खुंट्या आणि पुरुषांचं स्वच्छतागृह. १९३८ ते १९४५ ही सात वर्षं आम्ही बोळात घेतली. काळ लहान, म्हणून जागा लहान. इतिहासलेखनात प्रमाण सांभाळावं लागतं.

"पण बोळात लावायचं काय?" समितीच्या बैठकीत लिंडिंगरबाईंनी विचारलं. या गावच्या शाळेत इतिहास शिकवत. हुशार बाई, पण विषय मनावर घ्यायची खोड.

"दिवा लावा," नगराध्यक्ष हाफ्नर म्हणाले. "तिथे अंधार असतो. परवा मी ठेचकाळलो."

ठराव एकमताने मंजूर झाला. लिंडिंगरबाई गप्प बसल्या. गप्प बसलेल्या बाईवर लक्ष ठेवावं, हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही. त्यांनी घरी जाऊन थेट दक्षिण अमेरिकेत, मॉन्टेव्हिडिओला फोन लावला.

मॉन्टेव्हिडिओत ब्रुनो ओर्नस्टाइन राहत होते. वय एकाहत्तर. त्यांचे वडील मोरिट्झ ओर्नस्टाइन यांचा आमच्या चौकात फोटो स्टुडिओ होता. गावातली बाळं, नवरदेव आणि प्रेतं, तिन्ही त्यांच्याच कॅमेऱ्यासमोरून जात. कुटुंब ज्यू होतं. १९३८च्या वसंतात तो स्टुडिओ शेजारच्या एका गृहस्थांच्या मालकीचा झाला. व्यवहार पूर्णपणे कायदेशीर होता. अधिकारी हजर होता, शिक्का हजर होता, आणि विकणाऱ्याने सही करायला उशीर लावू नये म्हणून दारात दोन बंदूकवालेही हजर होते. आज तिथे चष्म्याचं दुकान आहे. गावाला तिथून उत्तम दिसतं.

ब्रुनो ओर्नस्टाइन स्वतः आले. अंगाने किरकोळ, अंगात उन्हाळी कोट, हातात एक लाकडी पेटी. समितीने त्यांना चौकातल्या खानावळीत उकडलेलं गोमांस आणि जर्दाळूचे गोळे खाऊ घातले. हाफ्नर त्यांना म्हणाले, "तुमचं गाव तुमचं स्वागत करतंय. तुम्ही गेलात, तेव्हा गाव फार हळहळलं."

"हो, आवाज ऐकू आला होता," ओर्नस्टाइन म्हणाले आणि पेटी उघडली.

आत लोकरीत गुंडाळलेली काचेची निगेटिव्ह होती. मार्च १९३८. जर्मन फौजा गावात शिरल्या त्या दुपारी मोरिट्झ ओर्नस्टाइन यांनी माडीवरच्या खिडकीत कॅमेरा लावून चौकाचा हा एकच फोटो घेतला होता. त्यांच्या बायकोने ती काच आतल्या कपड्यांत लपवून समुद्रापार नेली होती.

"प्रदर्शनाला देतो," ओर्नस्टाइन म्हणाले. "दोन अटी. मोठा करून लावायचा. आणि कुठेही कापायचा नाही."

हाफ्नरनी जागच्या जागी मान्य केलं. व्हिएन्नाहून एक उपसचिव आणि ब्रुसेल्सहून युरोपीय संघाचं एक शिष्टमंडळ उद्घाटनाला यायचं होतं, आणि ओर्नस्टाइनांसारख्या माणसाच्या हातून फीत कापली जाणार या बातमीने उपसचिवांना गहिवरून आलं होतं. शिवाय काच हातात धरून पाहिली तर माणसं काळी आणि आकाश पांढरं दिसत होतं. त्यात कुणी ओळखू येईल असं कुणाला वाटलं नाही.

मग फोटो छापून आला.

दिवंगत ओर्नस्टाइन दुर्दैवाने फार चांगले फोटोग्राफर होते. चौक माणसांनी गच्च भरलेला, सगळ्यांची तोंडं नगरपालिकेच्या सज्जाकडे, हात वर, झेंडे, आणि प्रत्येक चेहरा कालच दाढी केल्यासारखा स्वच्छ. लिंडिंगरबाईंनी भिंग घेऊन डोकी मोजली. दोन हजार सहाशेच्या वर भरली. गावाची तेव्हाची वस्ती तीन हजार. त्यानंतर समितीने गावातल्या सत्तरीपुढच्या सर्व एकशे बारा नागरिकांना विचारलं, की त्या दिवशी आपण चौकात होता का. एकशे अकरा जण नव्हते. गैरहजर माणसांचा इतका मोठा सामूहिक फोटो जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

आठवडाभर लोक समितीकडे खुलासे घेऊन येत राहिले. चौकात दिसणारे लोक बाहेरगावचे आहेत. ती टोपी आमच्या वडिलांची आहे, पण खाली वडील नाहीत. आजोबा हरवलेला कुत्रा शोधत होते. वर केलेला हात सलामाचा नसून डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून आहे. (फोटोत आभाळ भरून आलेलं आहे.) आपण त्या गावचेच नाही असा चेहरा कुणीही करू शकतो, पण त्याच गावात राहून, त्याच चौकात भाजी घेऊन तो चेहरा पन्नास-साठ वर्षं टिकवणं, याला मी राष्ट्रीय गुण म्हणतो. माझे स्वतःचे एक काका फोटोत वाकून बुटाची नाडी बांधताना दिसतात. राजकीयदृष्ट्या ते अनुपस्थित मानावेत, असा निर्णय मी चिटणीस या नात्याने दिला.

एकशे बारावी होती बुर्गीआजी. वय एकोणऐंशी. मुलगी असताना ओर्नस्टाइनांच्या घरी कामाला होती. काठी टेकत ती थेट बैठकीत आली आणि तिने फोटोवर बोट ठेवलं.

"ही मी. कारंज्याच्या कठड्यावर. एका हातात फुलं आहेत बघा. ओरडून ओरडून घसा बसला होता माझा. दुसऱ्या दिवशी मध घालून दूध प्यावं लागलं."

"आजी, तुम्हाला नीट आठवत नसेल," हाफ्नर गोड आवाजात म्हणाले. "गर्दीने ढकललं असेल तुम्हाला."

"कारंज्यावर? अरे, ढकललं की माणूस खाली पडतं. वर चढत नाही."

"म्हणजे, जबरदस्ती झाली असेल."

"झाली की. शेजारची हेडविग म्हणत होती, मला पण चढू दे. मी चढू दिलं नाही. जबरदस्ती ती तेवढीच." मग तिने बोट जरा सरकवलं. "आणि हा तुझा बाप, हाफ्नर. झेंडा धरलेला. त्याला काठी सापडत नव्हती म्हणून मी ओर्नस्टाइनबाईंच्या पडद्याची काठी काढून आणून दिली. परत नाही केली मेल्याने."

बैठक तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी गावच्या डॉक्टरांचं मत मागवलं. डॉक्टर शास्त्रीय वृत्तीचे. ते म्हणाले, या तालुक्यात या वयाच्या एकाही निरोगी माणसाला १९३८ आठवत नाही. अर्थात जिला आठवतं, तिच्या मेंदूत काहीतरी बिघाड असणार. बुर्गीआजीला स्मृतिभ्रंश झाला आहे असं निदान झालं आणि तिला गोळ्या सुरू झाल्या.

पण फोटोला गोळ्या देता येत नव्हत्या. अट मोडावी, तर ओर्नस्टाइन फीत न कापता परत जाणार आणि उपसचिवांचा गहिवर वाया जाणार. पाळावी, तर गावातल्या प्रत्येक घराचा बाप भिंतीवर. त्या कोंडीतून हाफ्नरनी जो मार्ग काढला, तो पाहून मला आमच्या जुन्या मुत्सद्द्यांची आठवण झाली.

"मोठा हवा ना त्यांना?" ते म्हणाले. "मोठा करू. खूप मोठा करू."

फोटो इतका मोठा केला, की बोळाची पूर्ण भिंत जमिनीपासून छतापर्यंत व्यापली गेली. एक बोटभरही कापला नाही. बोळाची रुंदी जेमतेम दोन पावलं. इतक्या जवळून इतक्या मोठ्या फोटोत काय दिसतं? ठिपके. करडे ठिपके, काळे ठिपके, मध्ये कुठे पांढरे ठिपके. नाक डावीकडे न्या, ठिपके. उजवीकडे न्या, ठिपके. मागे सरकावं तर पाठीला कोटाच्या खुंट्या. दोन्ही अटी अक्षरशः पाळल्या गेल्या. बोळात दिवाही लावला होता.

उद्घाटनाच्या दुपारी बँड वाजला, शाळेच्या मुलींनी गाणं म्हटलं. हाफ्नर भाषणात म्हणाले, "आपण सगळेच बळी होतो. ओर्नस्टाइन कुटुंब देश सोडून गेलं, त्यांना निदान समुद्र पाहायला मिळाला. आपल्याला इथेच राहावं लागलं." टाळ्या पडल्या. ओर्नस्टाइनांनी फीत कापली.

मग सगळे दालनांतून फिरत फिरत बोळात आले. ब्रुसेल्सच्या बाईंनी ठिपक्यांसमोर उभं राहून डोळे मिटले आणि पुटपुटल्या, "किती धाडसी!" उपसचिव म्हणाले, "अमूर्त आहे. पण पोचतं."

ओर्नस्टाइन एकदा भिंतीजवळ गेले, एकदा खुंट्यांना पाठ लागेपर्यंत मागे आले. आयुष्यभर त्यांनी तो फोटो तळहाताएवढा पाहिला होता. चेहरा उतरला त्यांचा. लिंडिंगरबाई कोपऱ्यात ओठ चावत उभ्या होत्या. हाफ्नर माझ्या कानाशी म्हणाले, "झालं. आता वाइन उघडायला सांगा."

तेवढ्यात ओर्नस्टाइनांनी वळून मागचं दार पाहिलं. कोठाराच्या काळात तिथून गाड्या आत जात, म्हणून दार चांगलं रुंद, दोन फळ्यांचं. आतली गाडीखान्याची लांबच लांब खोली म्हणजे आताचं पुरुषांचं स्वच्छतागृह. त्यांनी एक फळी उघडली. खालची कडी काढून दुसरीही उघडली. मग ते तोंड बोळाकडेच ठेवून उलटे चालत आत गेले, मुताऱ्यांच्या रांगेवरून, हात धुवायच्या नळांवरून, पार पलीकडच्या भिंतीला टेकेपर्यंत. तिथे थांबले.

"आता दिसतं," ते म्हणाले.

ब्रुसेल्सच्या बाई कुतूहलाने आत गेल्या. उपसचिव गेले. बँडवाले गेले. स्वच्छतागृहात दाटी झाली. ठिपके जुळले होते. आमच्या गावाचा १९३८ आता एकाच ठिकाणाहून स्वच्छ दिसत होता, आणि ते ठिकाण हे होतं. "अहो, तुमचे वडील दिसतात हो," बँडमधला ढोलवाला हाफ्नरना म्हणाला. त्याच्या स्वरात निव्वळ आनंद होता. "हुबेहूब तुम्हीच!"

काठीचा आवाज आला. बुर्गीआजी दारात.

"आजी, हे पुरुषांचं आहे," हाफ्नर ओरडले.

"सरक. या वयात आता मला काय बघायचं राहिलंय?" ती गर्दीतून वाट काढत ओर्नस्टाइनांशेजारी जाऊन उभी राहिली.

"ती तू," ओर्नस्टाइन म्हणाले.

"मीच. मान बघ काय ताठ आहे."

"आई त्या दिवशी तुला हाका मारत होती. बाबांना कॅमेऱ्याचं कापड धरायला कुणीतरी हवं होतं. सारखी म्हणत होती, बुर्गी कुठे गेली, बुर्गी कुठे गेली."

"सकाळी त्यांनीच सुट्टी दिली होती मला. म्हणाल्या, तरुण आहेस, जा, गावात काय चाललंय बघून ये."

"कापड मी धरलं. आणि खिडकीतून तुला हात केला." ओर्नस्टाइनांनी फोटोकडे बोट केलं. "सगळे सज्जाकडे बघतायत. तू एकटीच इकडे, खिडकीकडे बघतेयस. आणि तुझा हात वर आहे. बुर्गी, मी चौदा वर्षांचा होतो. तो हात तू मला केलास, की त्यांच्यासारखा वर केलास, हे मला कधी कळलं नाही. छोट्या फोटोत कळायचं नाही. म्हणून मोठा हवा होता."

प्रसंग फार नामी होता. गावाची अब्रू, उपसचिवांचा गहिवर, ब्रुसेल्सची मैत्री, सगळं एका 'हो'वर येऊन ठेपलं होतं. हाफ्नरनी तर तिला हळूच सुचवलंही, "सांगा ना आजी. पोराला हात केलात. सांगून टाका."

बुर्गीआजीने फोटोकडे पाहिलं, मग ओर्नस्टाइनांकडे.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "तुला नव्हता केला. मी तुला पाहिलंसुद्धा नाही. फौजेची मोटार तुमच्या दारावरून येत होती, तिच्याकडे बघत होते."

ओर्नस्टाइनांनी डोळे पुसले. मग तिचा हात स्वतःच्या हातात घेतला. "बरं झालं," ते म्हणाले. "या गावात कुणीतरी एकदाचं उत्तर दिलं."

"शिव्या घाल हवं तर."

"घालीन. चल, आधी बसू कुठेतरी. वेळ लागेल."

"लागू दे."

दोघं एकमेकांना धरून बाहेर गेली. वाइनसाठी थांबली नाहीत. एवढं साधं, सोयीचं, एकाक्षरी खोटंही जिला बोलता आलं नाही, ती बाई ऑस्ट्रियन आहे का, अशी शंका त्या संध्याकाळी समितीत उघडपणे व्यक्त करण्यात आली.

पुढचं थोडक्यात. स्वच्छतागृहाच्या दाराला दुसऱ्याच दिवशी 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली. दुरुस्ती आजही चालू आहे. लिंडिंगरबाईंना शिक्षा वगैरे काही झाली नाही. आमच्याकडे शिक्षा होत नाही, बढती होते. त्यांना 'सल्लागार' ही पदवी देऊन डोंगरापलीकडच्या एका शाळेत पाठवलं, जिथे विद्यार्थी सात आणि इतिहास ऐच्छिक आहे. ओर्नस्टाइन परत गेले. जाताना काच त्यांनी बुर्गीआजीला दिली. आजीने ती चौकाकडच्या खिडकीत लावली आणि गोळ्या कोंबड्यांना घातल्या. त्या खिडकीखालून जायला लोक नाखूश असतात, म्हणून नगरपालिकेने समोरच्या बाजूने नवा, रुंद पदपथ बांधून दिला आहे.

आणि प्रदर्शन? ते दणक्यात चाललं आहे. ब्रुसेल्सच्या बाईंनी आपल्या अहवालात ठिपक्यांच्या भिंतीची इतकी तारीफ केली (स्वच्छतागृहाचा उल्लेख सभ्यपणे टाळून), की देशोदेशीच्या नगरपालिकांनी आमच्याकडे विचारणा सुरू केली. भूतकाळ लपवणारे पुष्कळ असतात. तो पूर्ण उघडा टांगून दिसू न देणारे आम्हीच पहिले. शेवटी युरोपच्या इतिहासात आपली भूमिका काय, याचं उत्तर आम्हाला सापडलं. आम्ही इतरांना बोळ बांधून देतो. आतापर्यंत एकोणतीस देशांतल्या गावांना सल्ला दिला आहे. कुणाचं नाव बाहेर सांगायचं नाही, हा आमचा नियम आहे.

पण तुम्ही मघापासून आम्हाला हसताय, म्हणून एकदाच नियम मोडतो. गेल्या महिन्यात तुमच्या गावाकडूनही विचारणा आली आहे. जमाव मोठा आहे, फोटो रंगीत आहे आणि अजून ताजा आहे. अशा वेळी काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे. आम्ही कळवलं, काळजी नको, पन्नास वर्षं आपण कुणीच तिथे नव्हतो असं म्हणत राहा, मग भिंतीचं आम्ही बघतो. फोटो त्यांनी सोबत जोडला होता. डावीकडून चौथे. छान आला आहात तुम्ही.